हिमाच्या विहिरीतील थर

ताडकळस हे परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील गाव. गोदावरीच्या खोऱ्यातील या भागात नवी विहीर खणली जाते, तेव्हा जमिनीच्या पोटातील रचना खणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उघडी होते. वर काळी कसदार माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेली पांढुरकी माती, मग मुरूम आणि अखेर काळा पाषाण. विहिरीच्या भिंतीकडे पाहून जाणता माणूस कोठे पाझर लागेल आणि कोठे सुरुंग लावावा लागेल याचा अंदाज बांधतो. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हे थर वाचता येतात. थर म्हणजे निसर्गाने स्वतःच्या हाताने ठेवलेली नोंदच होय.

पृथ्वीच्या दक्षिण टोकाला असलेल्या अंटार्क्टिका खंडावर शास्त्रज्ञ अशीच विहीर खणतात. मात्र ती मातीत नव्हे, हिमात. माणसाच्या उंचीएवढे दोन खड्डे शेजारीशेजारी खणून त्यांच्यामध्ये हातभर जाडीची भिंत राखली जाते. एक खड्डा वरून झाकून त्यात उतरले, की दुसऱ्या खड्ड्यातील सूर्यप्रकाश या भिंतीतून निळसर होऊन झिरपतो आणि भिंतीवर आडवे पट्टे उमटतात. काही पट्टे दाट, काही विरळ. काही बोटभर रुंद, तर काही कागदासारखे पातळ. प्रत्येक पट्ट्यामागे एखादे वादळ, एखादा उन्हाळा किंवा कडक थंडीचा एखादा महिना दडलेला असतो.

हे थर कसे तयार होतात, वारा व तापमान त्यांना कसा आकार देतात आणि त्यांचे वाचन करताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हा केवळ ध्रुवप्रदेशातील संशोधकांच्या कुतूहलाचा विषय नाही. वाऱ्याने वाहून आणलेल्या हिमाखाली भारताचे अंटार्क्टिकावरील पहिले केंद्र गाडले गेले. मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यावर समुद्र पुढील काळात किती चढेल, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भागही याच थरांच्या अचूक वाचनावर अवलंबून आहे.

वाळवंटातील हिम

महाराष्ट्रातील ग्रामीण माणसाला आकाशातून पडणारा बर्फ ठाऊक आहे तो गारांच्या रूपाने. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने उभी पिके आडवी झाली, ती आठवण अजून ताजी आहे. परंतु गार आणि हिम यांत फरक आहे. गार ढगातच गोठून टणक झालेली असते आणि जमिनीवर पडताच वितळू लागते. हिम म्हणजे बाष्पापासून थेट तयार झालेले नाजूक, षट्कोनी घडणीचे स्फटिक होत. ध्रुवप्रदेशात ते वितळत नाहीत. यंदाच्या हिमावर पुढील वर्षीचे हिम साचते, त्यावर त्यापुढचे. अशा रीतीने लाखो वर्षे चाललेल्या संचयातून हिमचादर निर्माण झाली आहे.

अंटार्क्टिकावरील हिमचादरीचे क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर असून तिची सरासरी जाडी सुमारे २ किलोमीटर आहे. एवढा बर्फ पाहून तेथे भरपूर हिमवृष्टी होत असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. परभणी जिल्ह्यात वर्षाकाठी सातशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात पडणारे वर्षभराचे हिम वितळवले, तर त्याचे पाणी पन्नास मिलिमीटरही भरत नाही. रशियाच्या व्होस्टॉक केंद्राच्या परिसरात तर ते वीस मिलिमीटरच्या आसपासच असते. पर्जन्याच्या दृष्टीने तो प्रदेश वाळवंटच आहे. आवक अल्प, पण खर्च जवळजवळ नाही, म्हणून शिल्लक मोठी, असा हा हिशेब आहे.

आवक अल्प असल्यानेच वाऱ्याचे महत्त्व वाढते. जेथे वर्षभरात सहा-सात सेंटिमीटर हिम साचते, तेथे एका वादळाने दहा-वीस सेंटिमीटर हिम उचलून दुसरीकडे नेणे ही किरकोळ बाब राहत नाही.

वाऱ्याचे कार्य

अंटार्क्टिकाचा मध्यभाग तीन-चार किलोमीटर उंचीचे पठार आहे. ध्रुवीय रात्रीत तेथील पृष्ठभाग आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि कमालीचा थंड होतो. व्होस्टॉक येथे २१ जुलै १९८३ रोजी तापमान उणे ८९.२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याची नोंद आहे. पृष्ठभागाला लागून असलेली हवाही थंड व जड होते आणि डोंगरावरून पाणी उतरावे तशी पठारावरून समुद्राकडे वाहू लागते. हे उतारवारे होत. किनाऱ्याजवळ उतार तीव्र होतो, दऱ्या अरुंद होतात आणि वाऱ्यांचा वेग वाढतो. १९११ ते १९१४ या काळात डग्लस मॉसन यांच्या ऑस्ट्रेलियन तुकडीने केप डेनिसन येथे मुक्काम केला. तेथे वर्षभराच्या वाऱ्याचा सरासरी वेगच ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास होता. आपल्याकडे एखाद्या दिवशी असा वारा सुटला तर पत्रे उडतात. तेथे तो नित्याचा होता.

सुटे हिम उडण्यास एवढ्या वाऱ्याची गरज लागत नाही. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरचा वारा सुटला की ताजे कण हलू लागतात. काही कण पृष्ठभागावरून घरंगळतात. काही उड्या मारीत पुढे जातात. प्रत्येक उडीच्या शेवटी ते खालच्या हिमावर आपटतात आणि आणखी कण उडवतात. वारा अधिक झाला की बारीक कण हवेत उंच तरंगू लागतात आणि चार पावलांवरचे दिसेनासे होते. आकाशातून एकही नवा कण पडत नसताना जमिनीवर हिमवादळ चालू असते.

या प्रवासात कणांचे रूप पालटते. स्फटिकांच्या नाजूक फांद्या मोडतात, कोपरे घासले जातात आणि मिलिमीटरच्या दशांशाइतके बारीक, गोलसर दाणे उरतात. वारा मंदावला की हे दाणे एकमेकांना अगदी लागून बसतात. रस्त्याच्या कामात खडीच्या फटींमध्ये बारीक मुरूम दाबला म्हणजे थर घट्ट होतो, तसाच हा प्रकार आहे. शांत हवेत पडलेल्या ताज्या हिमाचे वजन घनमीटरला ५० ते १०० किलो भरते. वाऱ्याने कुटलेल्या हिमाचे वजन ३५० ते ४०० किलोपर्यंत जाते. अशा थरावरून माणूस चालला तर त्याचे पाऊल क्वचितच रुतते.

खळ्यावर उफणणी करताना दाणा जवळ पडतो आणि भूस दूर जाते. वारा हिमाचीही अशीच विभागणी करतो. जड व मोठे कण एका ठिकाणी, बारीक कण दुसऱ्या ठिकाणी. त्यामुळे एकाच हिमवृष्टीचे हिम शंभर पावलांच्या अंतरावर वेगवेगळ्या जाडीचे आणि वेगवेगळ्या घट्टपणाचे आढळते.

वारा केवळ साठवीत नाही, तो कोरतोही. घट्ट झालेल्या पृष्ठभागावर तो खाचा पाडतो आणि वाऱ्याच्या दिशेने लांबट, धारदार कंगोरे उभे राहतात. त्यांना रशियन भाषेतून आलेल्या शब्दाने ‘सास्त्रुगी’ म्हणतात. त्यांची उंची वीतभरापासून क्वचित पुरुषभरापर्यंत असते. नेहमीचा वारा कोणत्या दिशेने वाहतो हे त्यांच्या रेषेवरून समजते आणि खुणेला झाड वा टेकडी नसलेल्या त्या सपाटीवर प्रवाशांना दिशा राखण्यास त्यांचा उपयोग होतो. हे कंगोरे पुढील हिमाखाली गाडले गेले, म्हणजे खड्ड्याच्या भिंतीतील थर सरळ रेषेत न दिसता वर-खाली झालेले, मध्येच तुटलेले असे दिसतात.

तापमानाचे कार्य

वाऱ्याने थर रचला तरी काम पुरे होत नाही. त्यानंतर तापमानाचे कार्य सुरू होते आणि ते कित्येक वर्षे चालू राहते.

पहिले कार्य सांधण्याचे. समारंभासाठी आणलेले बर्फाचे तुकडे टोपलीत एकत्र ठेवले, तर थोड्या वेळाने एकमेकांस चिकटलेले आढळतात. हिमाचे दाणेही स्पर्शाच्या ठिकाणी हळूहळू जोडले जातात. तापमान शून्याच्या जवळ असेल तर ही क्रिया जलद घडते. कडाक्याच्या थंडीत मंद होते. उन्हाळ्यात वाऱ्याने घट्ट केलेला थर त्यामुळेच थोड्या दिवसांत टणक बनतो आणि पुढील वादळाला सहजासहजी दाद देत नाही.

दुसरे कार्य बाष्प वाहून नेण्याचे. झाकण ठेवलेल्या पातेल्यातील वाफ थंड झाकणाच्या आतील बाजूला थेंबांच्या रूपाने जमते. हिमाच्या थरांतही बाष्प उबदार बाजूकडून थंड बाजूकडे सरकते; मात्र तेथे ते पाणी न होता थेट स्फटिकरूपाने जमते. उन्हाळ्यात सूर्यामुळे वरचे हिम काहीसे उबदार झालेले असते. शरद ऋतूची चाहूल लागताच पृष्ठभाग झपाट्याने थंड होतो, पण त्याखालचे हिम अद्याप उबदार असते. अशा वेळी खालच्या दाण्यांतील बाष्प वर जाऊ लागते. लहान दाणे झिजतात, मोठे वाढतात, त्यांना सपाट कडा व पेल्यासारखे पोकळ आकार येतात. परिणामी साखरेच्या मोठ्या दाण्यांसारखा भुसभुशीत, हलका थर तयार होतो. त्याला बोट लावले तर तो घरंगळतो.

जेथे हिमवृष्टी पुरेशी होते तेथे हीच उन्हाळ्याच्या अखेरीची खूण ठरते. भरड, विरळ थर उन्हाळा सरल्याचे सांगतो; बारीक, दाट थर हिवाळ्यातील वादळांचे. असे दोन थर मिळून एक वर्ष. झाडाच्या खोडातील वलये मोजावीत तशी ही वर्षे मोजता येतात. ग्रीनलँडच्या मध्यभागी हिमवृष्टी अंटार्क्टिकाच्या अंतर्भागापेक्षा कितीतरी अधिक असल्याने तेथील बर्फात हजारो वर्षांचे थर एकेक करून मोजणे शास्त्रज्ञांना शक्य झाले आहे.

तिसरे कार्य वितळण्याचे. एखाद्या असाधारण उबदार दिवशी पृष्ठभागावरचे हिम वितळते, पाणी आत झिरपते आणि पुन्हा गोठून काचेसारखा पारदर्शक पापुद्रा बनतो. हा पापुद्रा पुढे शेकडो वर्षे ओळखू येतो. २०१२ च्या जुलैमध्ये ग्रीनलँडच्या हिमचादरीचा जवळजवळ संपूर्ण पृष्ठभाग वितळला होता. तिच्या शिखरावर याआधी असा वितळण्याचा थर १८८९ साली उमटला होता, हे तेथील बर्फातूनच कळले. १४ ऑगस्ट २०२१ रोजी त्याच शिखरावर पाऊस पडला. तेथील निरीक्षणांच्या इतिहासातील ही पहिलीच नोंद होय.

उन्हाळा आणि हिवाळा यांतील फरक किती खोलवर पोहोचतो, हाही लक्षणीय मुद्दा आहे. खोल विहिरीचे पाणी उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात कोमट लागते. वास्तविक पाण्याचे तापमान फारसे बदललेले नसते. बाहेरची हवा बदललेली असते. हिमातही दिवस-रात्रीचा फरक हात-दीड हाताच्या आत विरून जातो आणि ऋतूंचा फरक सुमारे दहा मीटर खोलीवर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे दहा मीटर खोलीवर तापमापक सोडला, तर त्या जागेचे वार्षिक सरासरी तापमान एका वाचनात मिळते.

हिमाचा बर्फ होताना

वरचा भार वाढत जातो तसे खालचे हिम दाबले जाते. घनता घनमीटरला ८३० किलोच्या आसपास पोहोचली, की दाण्यांमधील हवेच्या वाटा बंद होतात आणि हवा लहान लहान बुडबुड्यांत कोंडली जाते. ही स्थिती साधारणतः पन्नास ते एकशेवीस मीटर खोलीवर येते. त्यासाठी कोठे शंभर-दोनशे वर्षे लागतात, तर अतिशय थंड व कोरड्या ठिकाणी अडीच हजारांहून अधिक. कोंडलेली हवा ही त्या काळच्या वातावरणाचा नमुनाच असते.

पोकळ छेदकाने बर्फाचे लांब दंडगोल बाहेर काढून हे नमुने मिळवले जातात. व्होस्टॉक येथे १९९८ मध्ये ३,६२३ मीटर खोलीपर्यंत पोहोचलेल्या छिद्रातून चार लाखांहून अधिक वर्षांचा इतिहास हाती आला. युरोपीय देशांनी डोम-सी येथे काढलेल्या बर्फाने ही नोंद आठ लाख वर्षांपर्यंत मागे नेली, आणि २०२५ च्या जानेवारीत त्याच भागात २,८०० मीटर खोलीवर सुमारे बारा लाख वर्षांपूर्वीचा बर्फ मिळाल्याचे जाहीर झाले. या आठ लाख वर्षांत हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हिमयुगात दहा लाख भागांत १८० च्या आसपास आणि उबदार काळात २८० च्या आसपास राहत आले. २०२४ मध्ये ते ४२० च्या वर गेले होते. हा मोठा निष्कर्ष अशा इवल्याशा बुडबुड्यांवर उभा आहे.

नोंदवहीतील गहाळ पाने

एवढे वाचून, थर मोजले की इतिहास कळला, असे वाटेल. येथेच खरी अडचण सुरू होते. नोंद ठेवणारा वारा हाच नोंद पुसणाराही आहे.

व्होस्टॉकसारख्या ठिकाणी वर्षाच्या थराची जाडी सहा-सात सेंटिमीटर आणि पृष्ठभागावरील कंगोऱ्यांची उंची त्याहून अधिक. साहजिकच एखाद्या जागी एखाद्या वर्षाचे हिम मुळीच टिकत नाही, तर शेजारच्या खळग्यात दोन वर्षांचे हिम एकाच वर्षाचे भासते. त्या नोंदवहीतील काही पाने फाटलेली, तर काही दोनदा बांधलेली असतात.

पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर याहून विलक्षण प्रकार आढळतो. तेथे पाच लाख चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रावर हिमाच्या प्रचंड लाटा पसरलेल्या आहेत. लाटेची उंची दोन ते आठ मीटर. पण एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचे अंतर दोन ते सहा किलोमीटर. त्यामुळे लाटेवर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसतच नाही. उपग्रहाच्या चित्रांत मात्र ती स्पष्ट उमटते. या लाटांच्या एका उतारावर हिम साचते. दुसऱ्या उतारावर वाऱ्याचा वेग किंचित वाढतो, हिम टिकत नाही, आणि पृष्ठभागावर चकाकणारा पातळ कठीण पापुद्रा तयार होतो. तेथे वर्षानुवर्षे भर पडत नाही. खालचे जुने हिम मात्र बाष्पाच्या येण्याजाण्याने भरड होत राहते. वारा याहून प्रबळ असेल तेथे सारे हिम उडून जाऊन जुना निळा बर्फच उघडा पडतो. अंटार्क्टिकाचा सुमारे एक टक्का भाग असा आहे. निळ्या बर्फावर आकाशातून पडलेल्या उल्का साठून राहतात; १९६९ मध्ये यामातो पर्वताजवळ जपानी तुकडीला एकाच मोहिमेत अशा नऊ उल्का सापडल्या आणि त्यानंतर तेथे उल्कासंशोधनाला मोठी चालना मिळाली.

मग आवक मोजावी कशी? आपल्याकडे महसूल मंडळाच्या पातळीवर पर्जन्यमापक असतो. त्याच्या नोंदी पीक विमा व टंचाई यांच्या निर्णयात वापरल्या जातात. मापक भिंतीच्या वा झाडाच्या आडोशाला असेल तर नोंद चुकते. म्हणून तो अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर असावा असा दंडक आहे. शिवाय मंडळातील एका गावी पडलेला पाऊस शेजारच्या गावी पडलाच असेल असे नसते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. अंटार्क्टिकावर ही अडचण अनेक पटींनी वाढते. मापकात आलेला कण आकाशातून पडला की जमिनीवरून उडून आला, हे मापक सांगू शकत नाही.

यासाठी शास्त्रज्ञ अनेक उपाय एकत्र योजतात. हिमात ओळीने काठ्या रोवून त्यांचा उघडा भाग दरवर्षी मोजला जातो. काही काठ्या गाडल्या जातात, काही उघड्या पडतात. सर्वांची सरासरी घेतली म्हणजे खरी भर कळते. खोलवरच्या थरांसाठी निश्चित तारखेच्या खुणा शोधल्या जातात. १८१५ मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याच्या गंधकयुक्त अंशाची खूण दोन्ही ध्रुवांच्या बर्फात सापडते. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांचे किरणोत्सर्गी अंशही असेच उपयोगी पडतात. दोन खुणांमधील बर्फाचे वजन काढले की त्या काळातील सरासरी आवक निघते. मधली काही पाने गहाळ असली तरी हिशेब जुळवता येतो. याखेरीज एकाच परिसरातील अनेक दंडगोलांची तुलना केली जाते आणि रडारच्या साहाय्याने बर्फाखालील थरांचा शेकडो किलोमीटरपर्यंत माग घेतला जातो. एका दंडगोलाच्या साक्षीवर संपूर्ण खंडाचा निवाडा दिला जात नाही.

दक्षिण गंगोत्रीचा धडा

वारा आणि हिम यांच्या सामर्थ्याचा प्रत्यक्ष अनुभव भारताला लवकरच आला. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले कायम केंद्र उभारण्यात आले. या मोहिमेत नागपूर येथे जन्मलेल्या सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत व भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांचा समावेश होता. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेल्या त्या पहिल्या महिला होत. त्याच वर्षी भारतीय तुकडीने प्रथमच ध्रुवीय हिवाळा तेथे काढला.

हे केंद्र खडकावर नव्हे, तर समुद्रावर पसरलेल्या बर्फाच्या जाड पट्टीवर होते. सपाट मैदानात कडब्याची गंजी रचली, तर तिच्या आडोशाला धूळ व पालापाचोळा साचत जातो, कारण अडथळ्यामागे वाऱ्याचा वेग कमी होतो आणि त्याने आणलेले ओझे तेथे खाली पडते. अंटार्क्टिकावरील इमारतीचेही असेच होते. तिच्याभोवती साचलेले हिम वारा घट्ट कुटतो, थंडी ते सांधते आणि पुढील वादळ त्यावर आणखी भर घालते. काढावे तितके हिम पुन्हा येते. दक्षिण गंगोत्री हिमाखाली जाऊ लागली आणि १९९० मध्ये केंद्र म्हणून तिचा वापर थांबवावा लागला.

हा अनुभव भारताचा एकट्याचा नव्हता. ब्रिटनने १९५६ पासून हॅली येथे उभारलेली पहिली चार केंद्रे एकामागून एक हिमाखाली गेली. पुढे तेथे खाली-वर करता येतील अशा पायांवर इमारती उभारण्यात आल्या. दक्षिण ध्रुवावरील अमेरिकेचे २००८ मध्ये पूर्ण झालेले केंद्रही जमिनीपासून उंच ठेवलेले आहे. खालून वारा वेगाने गेला म्हणजे हिम साचण्याऐवजी पुढे वाहून जाते. वाऱ्याला अडविण्यापेक्षा वाट करून देणे हितावह ठरले.

भारतानेही हा धडा घेतला. दुसरे केंद्र ‘मैत्री’ १९८९ मध्ये किनाऱ्यापासून आत, शिरमाखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर आणि खांबांवर उभारण्यात आले. २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर सुरू झालेले ‘भारती’ हे केंद्रही खडकाळ भूमीवर व उंच पायांवर आहे. जागेची निवड करताना वाऱ्याची दिशा, हिमाची आवक आणि पायाखालचा थर यांचा अभ्यास हा आता बांधकामाचाच एक भाग बनला आहे.

गोव्यातील प्रयोगशाळा आणि आपला किनारा

या सर्व कार्याचे भारतातील केंद्रस्थान आपल्या शेजारी गोव्यात आहे. वास्को-द-गामा येथे १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आणि आता राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत अंटार्क्टिकाहून आणलेले बर्फाचे दंडगोल शीतकक्षात जतन केले जातात. बाहेर कोकणचा दमट उन्हाळा असताना आत संशोधक लोकरी पोशाख घालून बर्फ कापतात. हवामान खात्याच्या तसेच नवी मुंबई येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या कर्मचाऱ्यांनीही भारतीय केंद्रांवर जाऊन वर्ष-वर्षभर निरीक्षणे केली आहेत.

या परिश्रमांचे प्रयोजन काय, असा प्रश्न ग्रामसभेत कोणी विचारला तर त्याचे उत्तर जमाखर्चाच्या भाषेत देता येईल. अंटार्क्टिकावर दरवर्षी पडणारे हिम जगाच्या समुद्राची पातळी सुमारे सहा मिलिमीटरने वाढवू शकेल एवढे असते. ही त्या खंडाची जमा. समुद्रात सुटणारे हिमनग आणि वितळणारा बर्फ हा खर्च. पूर्वी दोन्ही बाजू जवळजवळ जुळत होत्या. अलीकडच्या दशकांत खर्च जमेहून अधिक झाल्याचे उपग्रहांच्या मोजमापांतून दिसून आले आहे. दोन मोठ्या रकमांमधील लहान फरकावर समुद्राचे चढणे ठरते. वाऱ्याने हिम उडवून नेलेल्या प्रदेशात नेहमीसारखे हिम साचते असे गृहीत धरले, तर जमा खोटी फुगते आणि तूट लपते. जमाखर्चाची वही तपासणाऱ्या कोणत्याही पंचायत सदस्याला यातील धोका सहज कळेल.

ताडकळसपर्यंत समुद्र येणार नाही हे खरे. परंतु मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांतील कोणी ना कोणी रोजगारासाठी मुंबई परिसरात आहे. राज्याची बंदरे, खाडीकाठची शेती आणि कोकणातील मच्छीमारांच्या वस्त्या समुद्राच्या पातळीशी बांधलेल्या आहेत. त्यांच्या भविष्याचा अंदाज जितका अचूक, तितके नियोजन शहाणपणाचे होईल.

शिक्षकांना हा विषय वर्गात सोप्या रीतीने दाखविता येईल. परातीत कोरडी वाळू पसरून मध्ये वीट ठेवावी आणि एका बाजूने पंख्याचा वारा सोडावा. विटेच्या आडोशाला वाळू कशी साचते आणि उघड्या जागी कशी कोरली जाते, हे विद्यार्थ्यांना पाहता येईल. नंतर गावात विहिरीचे खोदकाम चालू असेल तर काठापासून सुरक्षित अंतरावरून तिच्या भिंतीतील थर त्यांना दाखवावेत आणि कोणता थर कोणी आणला, कोणी दाबला, मधला एखादा वाहून तर गेला नसेल ना, हे विचारावे.

विहिरीची भिंत असो, पर्जन्यमापकाची नोंद असो वा ध्रुवावरील हिमाचा थर असो, केवळ लिहिलेले वाचून भागत नाही. ते कोणत्या परिस्थितीत लिहिले गेले आणि त्यातील काय पुसले गेले, हेही जाणून घ्यावे लागते. अंटार्क्टिकाच्या वाऱ्याने भारताचे एक केंद्र घेतले. पण नोंद कशी तपासावी हे त्याच वाऱ्याने शिकविले.